अंथरूण पाहून

८ जून

ही वही परत आलेल्या मालातली. कोणीतरी पहिल्या पानावर ‘आजपासून रोज लिहायचं’ एवढी एकच ओळ लिहिली आणि कंटाळून परत पाठवली. लिहिलेली वही पुन्हा विकता येत नाही, म्हणून ती डागी टेबलावर आली, तिथून माझ्याकडे. मी काही रोज लिहिणार नाही. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून हाताला लिहायची सवय नाही. रविवारी धुलाईच्या दुकानात कपडे मशीनमध्ये फिरत असतात, तेवढ्या वेळात लिहीन.

आमचं गोदाम परतीच्या मालाचं. लोक घरबसल्या वस्तू मागवतात, नको झाल्या की परत करतात. मी खोकी उघडतो. धड असेल ते डावीकडच्या सरकत्या पट्ट्यावर, मोडकं उजवीकडे, थोडंसं बिघडलेलं मागच्या टेबलावर. ते डागी टेबल. दर शनिवारी ते कामगारांना खुलं करतात, मातीच्या भावात.

मी ठरवलंय, नाताळची खरेदी आत्तापासूनच करायची. दर वर्षी डिसेंबर उजाडतो तेव्हा खिसा फाटका असतो, मग रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून जातच नाही. अशी तीन वर्षं गेली. यंदा जायचं म्हणजे जायचंच. विमानाचं तिकीटही काढून टाकलं, सगळ्यात स्वस्तातलं. तारीख बदलत नाही, रद्द करता येत नाही. दिवसभर सगळं परत येताना बघतो, तर परत न होणारी एक तरी वस्तू आपली असावी.

खोलीत माझ्याबरोबर पॅकिंगवाले काका राहतात. नात्याने कोणी नाहीत, पण सगळेच त्यांना काका म्हणतात. ते म्हणाले, “जूनमध्ये नाताळ? म्हैस पाण्यात आणि तू वर मोल करतोयस.”

म्हटलं, “काका, म्हैस पाण्यात आहे तोवरच स्वस्त पडते.”

हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

२२ जून

घरी फोन केला. तिकिटाचं सांगितलं तर आई आधी रडली, मग म्हणाली, “खरंच काढलंस की नुसतं बोलतोयस?” म्हटलं, “आता मला स्वतःलासुद्धा ते फिरवता येणार नाही. तारीख बदलायची तर सगळे पैसे पाण्यात.” हे मी फार ऐटीत सांगितलं.

बाबांनी फोन घेतला. मागे मशीनची खडखड चालूच. एका हातात फोन, एका हाताखाली कापड, पाय पायडलवर. माझं लहानपण त्या खडखडीत गेलं. ती थांबली की आम्ही भावंडं दचकून उठायचो. बाबा शिंपी, त्यामुळे बोलणंही कात्रीसारखं. “खरेदी कर, पण अंथरूण पाहून पाय पसर.”

म्हटलं, “तुमच्यासाठी काय आणू?”

“तू ये.”

“ते येतोच आहे. वर काय आणू?”

“वर आणखी काय असतं?” म्हणाले आणि फोन ताईकडे दिला.

ताई माहेरी आली होती. म्हणाली, बाबांना नवी चप्पल चावली, अंगठ्याजवळ जखम झालीय, आणि साखरेमुळे भरत नाही. मी म्हटलं, “कुत्रं चावलं की इंजेक्शन देतात. चप्पल चावली तर चपलेला द्या.” ताई म्हणाली, “तुला सगळीकडे विनोद सुचतो.” पण हसली.

तिथेच माझं ठरलं. बाबांना बूट. जन्मभर टायरच्या तळाच्या चपला शिवून शिवून वापरल्या. आता चावणार नाहीत असे, मऊ कातड्याचे, खरे बूट.

१३ जुलै

पहिली खरेदी. ताईला पर्स, तिची चेन अडकते. बाबा एका बैठकीत बदलून देतील. भाचीला फ्रॉक, बटण नाही म्हणून परत आलेला. आम्ही तिला चिमी म्हणतो. फ्रॉक दोन मापं मोठा घेतला, वाढत्या अंगाचा. डिसेंबरपर्यंत पोर कुठवर जाईल कोणाला माहीत. लवकर खरेदी करण्यात ही एक गोम आहे. वस्तू खोक्यात तशीच राहते, माणूस थांबत नाही.

भेट म्हणून पाठवलेल्या वस्तू किती परत येतात ते इथे आल्याशिवाय कळायचं नाही. वरचा चकचकीत कागदसुद्धा फाडलेला नसतो. एकावर ‘लाडक्या आईस’ लिहिलं होतं. परतीचं कारण काय, तर ‘नको होतं’. मी ते खोकं डाव्या पट्ट्यावर टाकलं आणि मग बराच वेळ उगाच चिडचिड करत होतो. आमच्या मुकादमाला आम्ही भोंगा म्हणतो. तो लांबूनच ओरडला, “वस्तू तपास, नाती नको तपासू!” लोक हसले. मीही हसलो.

बाबांच्या पायाला सूज आहे. डॉक्टर बसून राहा म्हणतात आणि ते मशीनवर बसून राहतात. आई म्हणते, “बसलेच आहेत म्हणे!”

३ ऑगस्ट

फार थकलो आहे. काही करावंसं वाटत नाही. मधेच वाटतं सगळं सोडून दुसऱ्या शहरात जावं, कोणी तिकडे बंदरावर काम आहे म्हणतं. मग पलंगाखालची खोकी आठवतात. खोकी झाल्यापासून पळता येत नाही.

आज फोन आईने उचलला. मागे चाकांचा आवाज, आणि कोणी बाई आकडे पुकारत होती. म्हटलं, कुठे आहेस? म्हणाली, “ताईच्या सासरी.” म्हटलं, ताईच्या सासरी आकडे कोण पुकारतं? जरा थांबून म्हणाली, “टीव्ही रे. तिची सासू बहिरी, मोठ्याने लावते.” बाबा कुठे विचारलं तर झोपले होते. दुपारचे आणि बाबा! माझ्या आठवणीत दुपारी झोपलेले बाबा नाहीत. पण वय होतंय, विश्रांती घेताहेत ते चांगलंच.

आई फोन ठेवताना म्हणाली, “तुझं ते तिकीट, खरंच फिरत नाही ना रे?”

म्हटलं, “नाही गं बाई, येतोय मी. काळजी करू नकोस.”

२४ ऑगस्ट

आज बाबांशी बोललो. आवाज खोल गेलेला, पण बोलले. आणि मागे घुर्र घुर्र! विचारलं हे काय, तर आईने सांगितलं, मशीनला मोटर बसवली.

मी उडालोच. ताईच्या लग्नाआधी मी मोटर बसवा म्हणून डोकं फोडून घेतलं होतं. तेव्हा म्हणाले होते, “शिलाई हाताने नाही होत, पायाने होते. पायाला शिवण कळते. मोटरला काय कळतं?” आणि आता आपणहून! म्हटलं, “बाबा, आधुनिक झालात.” ते म्हणाले, “व्हावं लागतं.” आता कोपराने बटण दाबतात म्हणे. पायाला आराम.

संध्याकाळी काका कांदा चिरत होते. त्यांना हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. काकांनी सुरी खाली ठेवली. “कोपराने?” म्हणाले.

म्हटलं, “हो. आहे की नाही गंमत?”

“आणि मधे ते बरेच दिवस फोनवर आले नाहीत, ना?”

“झोपलेले असायचे.”

काका पुन्हा कांदा चिरायला लागले. जेवताना स्वतःच्या ताटातलं माझ्या ताटात वाढलं. एरवी हा माणूस मीठ उसनं देताना मोजतो.

१४ सप्टेंबर

बूट मिळाले!

तपकिरी, कातडं लोण्यासारखं. परतीचं कारण ‘रंग चित्रातल्यासारखा नाही’. एका बुटाच्या टाचेवर खिळ्याचा बारीक ओरखडा आहे, म्हणून डागी. मी ते हातात धरले आणि मला कळलं की हेच. भोंगा म्हणाला, “हे मीच ठेवणार होतो.” म्हटलं, “साहेब, तुमचा पाय मोठा, मनाइतका.” त्याने खोकं माझ्याकडे सरकवलं आणि बूट माझे झाले.

लगेच ताईला फोन लावला. “बाबांचं माप आठच ना? माझा नऊ, मी त्यांची चप्पल घालायचो तेव्हा टाच बाहेर यायची.”

फोन कटला असं वाटलं.

“ताई, बूट घेतोय बाबांना. आठ ना?”

“पायातलं काही नको रे आणूस,” म्हणाली. “अंगावरचं आण. स्वेटर आण, टोपी आण.”

“पायातलं का नको?”

“नको म्हटलं ना!” आणि खरोखरच कट केला.

मला राग आला. कोणाला काय आवडेल याची फिकीर करत मी जूनपासून ढीग उपसतोय, आणि हिला वाटतं मी उधळतोय. उधळत असतो तर नव्या दुकानातून घेतले असते. मी हट्टाने घेतले. आठ नंबर.

काकांना दाखवले. त्यांनी आतून हात फिरवला, शिवण बघितली, म्हणाले, “वस्तू एक नंबर आहे.” मग म्हणाले, “जोडीला एक टोपीही घे.”

“सगळ्यांना टोपीच का सुचतेय?”

“डोकं सगळ्यांना असतं म्हणून,” काका म्हणाले आणि तोंड धुवायला गेले. ही काय बोलायची पद्धत झाली? पण टोपी घेतली. लोकरीची, एक धागा निघालेला.

१९ ऑक्टोबर

आता चेहरा दिसणाऱ्या फोनवर बोलतो. आई पूर्वी फोन असा धरायची की मला तिची हनुवटी आणि छत दिसायचं. आता बाबा अगदी नीट दिसतात, डोक्यापासून छातीपर्यंत, फोटोतल्यासारखे. म्हटलं, “आई, शिकलीस की!” बाबा बारीक झालेत, पण दाढी गुळगुळीत केलेली. मी म्हटलं, “उठून जरा दाराशी जा, अंगण दाखवा.” तर आईच फोन घेऊन गेली. अंगण तसंच आहे. फक्त दाराच्या पायरीवर सिमेंटचा उतार केलाय. आई म्हणाली, चिमीच्या सायकलसाठी.

चिमीचे किती लाड! आम्ही दोघं भावंडं त्या पायरीवर शंभरदा पडलो, तेव्हा कोणी उतार केला नाही.

९ नोव्हेंबर

भोंग्याने फलक लावला. नाताळनंतर परतीचा पूर येतो, म्हणून डिसेंबरअखेर कोणाला रजा नाही. मी तो दोनदा वाचला. मग त्याच्या काचेच्या खोलीत गेलो. म्हटलं, “साहेब, तिकीट काढलंय.”

“बदल.”

“बदलत नाही.”

“मग मी काय करू? स्वस्तातलं काढलं असशील.”

म्हटलं, “मला जायचंय. गेलो नाही तर मी आयुष्यात जाणार नाही, मला माहिती आहे मी कसा आहे.” हे का बोललो कोणास ठाऊक. त्याने पाळ्यांचा तक्ता पुढे ओढला. म्हणाला, तोवर दोन्ही पाळ्या करशील तर बघू. हो म्हणालो.

बाहेर आलो तर काका पट्ट्याशी उभे. म्हणाले, “त्यातल्या अर्ध्या पाळ्या मी करतो.”

“काका, तुमच्या गुडघ्यांचं काय?”

“गुडघे आहेत तोवर वापरावेत,” म्हणाले.

३० नोव्हेंबर

लिहायला काही नाही. धुलाईच्या दुकानात झोप लागली. मालकिणीने हलवून उठवलं, कपडे कधीच वाळले होते.

१४ डिसेंबर

रजा मिळाली. भोंग्याने कागदावर सही करताना वर बघितलंसुद्धा नाही. नुसतं म्हणाला, “बूट दे म्हाताऱ्याला.” त्याच्या लक्षात होतं.

खोकी बाहेर काढून सगळं पलंगावर मांडलं. पर्स, फ्रॉक, आईची किटली, भावजींचा पट्टा, टोपी, बूट. जूनमध्ये ही रास केवढी मोठी वाटली असती. आज एक पलंगही भरला नाही.

विमानाचं वजन आड आलं. स्वस्तातल्या तिकिटाला एकच बॅग. किटली बसते तर बूट बसत नाहीत, बूट बसतात तर किटली बाहेर. काका म्हणाले, “किटली ठेव.” मी म्हटलं, आईचं राहील. मग मला युक्ती सुचली. बूट पायातच घालून जाईन. पायातल्याचं वजन कोणी करत नाही. एक नंबर लहान आहेत, पण एका दिवसाचा प्रश्न. तेवढेच जरा सैल होतील, बाबांना बरं.

काकांनी लेस बांधून दिली, लहान पोराची बांधतात तशी, खाली बसून. मग वर न बघता म्हणाले, “घरी गेलास की आधी बाबांजवळ खाली बस. उभ्या उभ्या बोलू नकोस.”

“का?”

“माणूस बसलेला असला की त्याच्याशी बसूनच बोलावं. एवढंच.”

काका हल्ली असं काहीतरी बोलतात. दोन पाळ्या करून डोकं थकतं.

२४ डिसेंबर

घरी आहे. बाबांच्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसून लिहितोय.

विमानात बसलो तेव्हाच डावा बूट टाचेला लागायला लागला. उतरलो तेव्हा मोजा ओला लागत होता. पुढे बस, मग चालत. दारापर्यंत आलो तो एका पायाने ओढत. उताराचं सिमेंट फोनमध्ये दिसलं होतं त्यापेक्षा रुंद आहे. सायकलला एवढं कशाला, असं मनात आलं आणि तेवढ्यात आईने दार उघडलं. तिने मला धरलं, सोडेचना. तिच्या खांद्यावरून बाबा दिसले, खिडकीपाशी मशीनमागे खुर्चीत, मांडीवर चादर. उठले नाहीत. मला वाटलं, तीन वर्षं आलो नाही याचा राग असेल. असणारच.

मी लंगडत पुढे गेलो. बाबा माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. पायाकडे बघत होते.

“लंगडतोस का?”

“काही नाही. बूट चावलाय जरासा.”

बाबा ओरडले. जन्मात मी त्यांना असं ओरडताना ऐकलं नव्हतं. “काढ! आधी काढ तो! बस इथे!” आईला म्हणाले, “कोमट पाणी आण, स्वच्छ फडकं आण, उभी काय राहिलीस!” मी स्टुलावर बसलो, बाबांच्या समोर, अगदी जवळ. त्यांनी वाकून माझी टाच स्वतःच्या हातात धरली. वाकले तशी चादर घसरून खाली पडली.

डावा पाय गुडघ्याखाली नाही.

मोटर. टीव्हीवरचे आकडे. छातीपर्यंतचे बाबा. पायातलं काही नको. टोपी. सगळं एकदम नाही आलं, एकेक करून आलं, खोकी पट्ट्यावरून यावीत तसं, आणि थांबवता येईना. मी तपासून बघणारा माणूस. दिवसभर तेच करतो.

बाबा माझी टाच पुसत होते. “एवढीच होती,” म्हणाले. “अगदी एवढीच. मीही म्हटलं, जरा चावलीय.”

मी जूनमध्ये काय बोललो होतो, चपलेला इंजेक्शन द्या, ते आठवलं. ताई दारात उभी होती. तिलाही तेच आठवलं असावं, तिने मान फिरवली.

मी म्हटलं, “मला सांगितलं का नाही? आलो असतो.”

आई म्हणाली, “कसा आला असतास? तूच सांगितलंस ना, ते फिरत नाही, सगळे पैसे पाण्यात. मी ऑगस्टमध्ये पुन्हा विचारलंही. म्हटलं, आत्ता बोलावलं तर नोकरी जाईल, नाताळही जाईल. आणि तू येऊन करणार काय होतास? पाय थोडाच राहणार होता.”

तिला मला टोचायचं नव्हतं. म्हणूनच ते जास्त टोचलं.

बाबा म्हणाले, “अरे, एवढं तोंड कशाला पाडतोस? अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. अंथरूण काही वाढेना, मग आम्ही पाय कमी केला.”

ताई आधी हसली, मग रडली. आईने “काय हे बोलणं!” म्हणून त्यांच्या दंडावर चापट मारली. मला हसता आलं नाही. त्यांना मी हसायला हवा होतो. उद्या हसेन.

मग बाबांनी बूट उचलले. उजेडात धरले, शिवणीवरून अंगठा फिरवला, ओरखडा शोधून काढला. “डागी टेबल?”

“हो.”

“टाचेवर आहे. कोणाला दिसतंय!” त्यांनी उजवा बूट पायात घातला. लेस मी बांधली, काकांनी बांधली होती तशी, खाली बसून. बरोबर बसला. आठच.

डावा बूट मी हळूच मशीनमागे सरकवत होतो. त्यांनी बघितलं. “तो कुठे नेतोस?”

“ठेवतो बाजूला.”

“गोदामात परत घेतात का रे एकच?”

“एकच नाही घेत. जोडच लागतो.”

“मग दे इकडे.” त्यांनी तो मांडीवर घेतला. “मापं दिली आहेत. नवा पाय यायला दोन महिने आहेत. पाय बनवणारा म्हणाला, जो बूट घालणार तो आधी घेऊन या, टाचेची उंची त्यावरून ठरते. मी म्हटलं, बूट कुठे आहे माझ्याकडे? तो म्हणाला, आधी बूट, मग पाय.” आणि आईकडे बघून म्हणाले, “बघ, हा पोरगा जूनपासून खरेदी करतोय ती उगाच नाही.”

त्यानंतर त्यांनी पर्सची चेन बदलायला घेतली. कोपराने बटण दाबतात. घुर्र आवाज होतो, मग थांबतो, मग पुन्हा होतो. त्यांचा उजवा पाय, नव्या बुटातला, जुन्या पायडलवर आपोआप वरखाली होतो आहे. पायडल आता कशालाच जोडलेलं नाही. मी त्यांना सांगितलं नाही.

काकांना फोन करायचा आहे. त्यांना काय सांगायचं ते अजून जुळत नाही, त्यांना माहीत होतंच. बसून बोललो, एवढं सांगेन.

आई पट्ट्या घेऊन आली आहे. एक रुंद, बाबांची, रोज घट्ट बांधायची असते. एक लहान. विचारते आहे, आधी कोणाची बांधू?

बाबा मशीनवरची मान न उचलता म्हणताहेत, “आधी त्याची.”